अंगठ्याची कडी

६ जानेवारी
कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत

चि. ठकूस, अ. उ. आ.

शिवणखान्यातलं तुझं खोकं परवा पोहोचलं. कात्र्या सगळ्या उघडून पाहिल्या. धार फारशी गेलेली नाही. तुमच्या बायका हात राखून कापतात हे पात्यावरून कळतं, आणि ते मी वेळोवेळी कबूलही केलं आहे. पण ठकू, तीच तक्रार पुन्हा लिहायची पाळी आणलीस. प्रत्येक कात्रीच्या अंगठ्याच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या आहेत. खोकं आलं की माझा पहिला दिवस त्या फाडण्यात जातो. मग खालचा चिकटा रॉकेलने काढा, कडी घासा, तिला पुन्हा चकाकी आणा. कात्री म्हणजे काही पडून हात मोडलेला माणूस नव्हे, पट्ट्या बांधून ठेवायला. हत्याराची मूठ उघडी असावी म्हणजे हाताला हत्यार कळतं. एवढं त्यांना माझ्या नावाने सांग.

इकडची हालहवाल अशी. भट्टी आता रोज पेटत नाही. भट्टीवाले मामा सकाळी येतात, ऐरणीवर बूड टेकतात आणि कोळशाच्या ढिगाकडे बघत राहतात. धार लावायच्या सानेवर बसणारा आपला ठिणगी झाडलोट करतो. पाती घासायला नसली की काय करणार. मी जुळणीला आहे म्हणून मला तुझ्यासारख्यांच्या दुरुस्त्या तरी असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात आता बाहेरच्या देशातल्या कात्र्यांची माळच टांगली आहे, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. न राहवून एक विकत घेतली आणि खोलून पाहिली. दोन्ही पाती पट्टीसारखी सपाट. तुला मी लहानपणी दाखवलं होतं, कात्रीची पाती कधी अंगाला अंग लावून झोपत नाहीत. दोघींनी पोट थोडं आत घेतलेलं असतं, त्यामुळे मिटताना त्या एका वेळी एकाच टिंबाला भेटतात, आणि ते टिंब खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातं. कापतं ते टिंब. ही गोष्ट मला कुणी शाळेत शिकवली नाही. शाळा सातवीतच सुटली. रद्दीतल्या पुस्तकांतून आणि बोटं कापून घेऊन शिकलो.

तुझी वहिनी म्हणते, मी आता कुणाच्या घरी न्यायच्या लायकीचा राहिलो नाही. मेहुणीकडे गेलो होतो, तिने नवा कप पुढे केला. तो कुठे झाला आहे हे बघायला मी खालून वाकवला आणि चहा टेबलक्लॉथवर गेला. तिची पोरं आता मला ‘उलटे काका’ म्हणतात. म्हणू देत.

आता कामाचं. तुझ्या बाईंनी दवाखान्यांच्या गणवेशांचं काम घेतलं आणि कापणीचं नवं टेबल टाकताहेत, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे नव्या कात्र्या लागणार. आमच्या घ्यायला सांग. मालकांनी स्पष्ट सांगितलं आहे: उन्हाळ्याआधी एखादी मोठी मागणी आली नाही तर भट्टी विझवायची, तयार माल बाहेरून आणायचा आणि आपल्या नावाच्या डब्यांत भरायचा. मामा आणि ठिणगी घरी बसणार. मला ठेवणार म्हणे, डबे भरायला. मी भीक मागत नाही. जी वस्तू घ्यायचीच आहे ती आपल्या माणसांच्या हातची घ्यावी, एवढंच म्हणणं आहे.

वहिनी आठवण काढते. मी काढत नाही असं समजू नये.
तुझा, दादा


१५ जानेवारी
घरून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. ह्यांचा खोकला थांबत नाही, घरात औषधाचा वास भरून राहिलाय. मीही रोज उभी राहून राहून थकते आणि येऊन तशीच बसते. असो. तुझं काम तेवढं मी टाळलं नाही.

बाई तुझ्याच विचारांच्या आहेत, हे तुला माहीत नसेल. कापड त्या इथल्याच गिरणीचं घेतात. दवाखानेवाले मधून मधून सुनावतात की तयार गणवेश बाहेरून मागवले तर याहून स्वस्त पडतील, तेव्हा बाई त्यांना तुझं व्याख्यान ऐकवतात, जवळजवळ शब्दाला शब्द. त्यामुळे तुमच्या कात्र्यांचं नाव काढल्यावर त्या लगेच तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, वापरणाऱ्या बायका आहेत, त्यांनाच ठरवू दे. एक तुमची नवी कात्री आणि एक ती टांगलेल्या माळेतली, अशा दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि चार-पाच दिवस सगळ्यांनी आलटून पालटून वापरल्या.

दादा, सगळ्यांनी माळेतली उचलली. म्हणजे कुणी तोंडदेखलंसुद्धा तुमची म्हणेना.

किमतीचा प्रश्न नव्हता. धारेचाही नव्हता. तुमची पाती लोण्यासारखी चालतात हे सगळ्या जणी मानतात. पण मूठ पुरुषाच्या हाताची आहे. कडी एवढी मोठी की अंगठा तिच्यात हेलकावे खातो आणि दर कापाला कडीची धार अंगठ्याच्या मुळाशी घासते. वजन मनगटावर येतं. पूर्वी बेतायला पुरुष शिंपी बसायचे, त्यांना चालत असेल. आता टेबलाभोवती एकसुद्धा पुरुष नाही.

तर त्या चिंध्यांचं. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला लागेल असं वाटलं, आणि तू सगळं फुकट करून देत होतास. चिंध्या गबाळेपणाने बांधलेल्या नाहीत. कडी बारीक व्हावी, अंगठ्याला मऊ लागावी म्हणून त्या प्रत्येकीने स्वतःच्या मापाने गुंडाळलेल्या असतात. तुझं खोकं परत आलं की आमची मावशी, म्हणजे सगळ्यांत जुनी बेतणारी, खोक्यात डोकावून म्हणते, आली ठकूच्या भावाची नागडी फौज, आणा गं चिंध्या. मग आमचा अर्धा दिवस कपडे चढवण्यात जातो. इतकी वर्षं तू फाडतोयस आणि आम्ही गुंडाळतोय.

हसावं असं वाटतं, पण आज हसू येत नाही. बाईंनी मला विचार करायला वेळ दिलाय. तूच सांग, मी त्यांना काय सांगू?

रागावलास तरी पत्राने रागव, गप्प बसू नकोस.
तुझी, ठकू


२२ जानेवारी
घरून

चि. ठकूस, अ. उ. आ.

रागावलो नाही. रागवायला अंगात जोर लागतो.

पण जे आहे ते लिहितो. आपल्या कात्रीची मूठ मोठ्या उस्तादांनी बसवली. त्यांच्या हाताखाली मामा शिकले, मामांच्या हाताखाली मी. त्या मुठीने किती शिंप्यांचे संसार चालले त्याला गणती नाही, आणि एकानेही अंगठा दुखतो म्हणून पत्र धाडलं नाही. वजनाचं म्हणतेस, तर वजन हे ओझं नसतं, ते मदतनीस असतं. जाड कापडाच्या चार घड्यांवर हलकी कात्री नुसती नाचते. जड कात्री स्वतःच्या भाराने खाली उतरते, हाताने फक्त वाट दाखवायची. हे तुझ्या बायकांना समजावून सांगायला हवं होतंस. माळेतली कात्री आज हलकी लागते. महिन्याभराने तिचा खिळा ढिला होईल, पाती कापड चावायला लागतील, मग कळेल.

चिंध्यांचं तू आधी सांगितलं असतंस तर मी फाडल्या नसत्या. एवढंच लिहितो, जास्त लिहीत नाही.

इकडे मालकांनी बाहेरून एक नमुन्याची पेटी मागवली. पेटीतून निघालेल्या कात्र्यांवर नावच नाही, पातं कोरं आहे, आपलं नाव उठवायला जागा सोडलेली. मामांनी एक हातात घेतली, उलटसुलट केली, पुन्हा पेटीत ठेवली आणि हात पुसले. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ठिणगीने त्याच्या मेव्हण्याच्या दुकानात वजनं उचलायचं काम विचारून ठेवलंय. सानेवर इतकी वर्षं बसलेला माणूस, ठिणग्या उडाल्या नाहीत तर त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की आपला माल घ्यायचा तर थोडं सोसावं लागतं. स्वस्त नसतो, नटवा नसतो, कधी हाताला लागतो. पण त्यामागे आपल्या माणसाचा पगार असतो. हे बायकांना पटवून देणं तुला अवघड नाही. लहानपणी तू मला काय काय पटवलं आहेस ते आठव.

मेहुण्यांना उभ्याने गार पाणी पिऊ देऊ नकोस. त्यांच्या खोकल्याचं कळव.
दादा


३० जानेवारी
शिवणखान्यातून, टेबलाच्या कडेला बसून

ती. दादास, सा. न. वि. वि.

ह्यांचा खोकला थोडा उतरलाय. पाणी गारच पितात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आपला माल घ्यायचा तर थोडं सोसावं लागतं, हे वाक्य तू लिहिलंस. दादा, सोसायचं कोणी? किंमत बाई सोसतील, त्या तयार आहेत. पण अंगठा बाईंचा नाही. तो मावशीचा आहे, तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या लांबडीचा आहे, माझा आहे. आमचेही अंगठे इथलेच आहेत. तू मामांच्या पगाराचा विचार करतोस ते बरोबर आहे, पण मावशी हात दुखला म्हणून दुपारी हळू पडते, कापणी अडते, शिवणाऱ्या बायका कापडाची वाट बघत बसतात आणि माल उशिरा जातो. माल उशिरा गेला की दवाखानेवाले पुन्हा बाहेरच्या मालाचं नाव काढतात. मग आमचंही टेबल विझेल, तुमच्या भट्टीसारखं.

तू म्हणतोस एकाही शिंप्याने पत्र धाडलं नाही. शिंपिणीने धाडलं असतं तर तुम्ही वाचलं असतंत का? मी दरवर्षी चिंध्या धाडत होते.

हे लिहून मला बरं वाटलं नाही. लहानपणी तू मला कात्री चालवायला शिकवलंस. कागदाच्या कोपऱ्यातून आत शिरून मध्यावर न थांबता कापत जायचं, पातं पूर्ण मिटू द्यायचं नाही, हे मी आजही नव्या मुलींना तुझ्याच शब्दांत सांगते. म्हणून मी बाईंना अजून नाही म्हटलेलं नाही. त्या म्हणतात, पुढच्या महिन्याअखेर ठरवावंच लागेल, नवं टेबल आलं आहे.

सोबत खाकी कागदाची गुंडाळी पाठवते आहे. आम्ही बेतण्याच्या कागदावर प्रत्येकीचा उजवा हात आखला आहे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टेबल मोकळं असतं, तेव्हा एकेक जण हात ठेवत गेली आणि मी पेन्सिल फिरवली. हाताच्या आत तिचं टोपणनाव लिहिलं आहे. मावशीचा हात बघून तुला कळेल, तिचं अंगठ्याचं मूळ कसं सुजून घट्ट झालंय ते. लांबडीला मी सांगितलं, बोटं पसरू नकोस, पण तिला वाटतं हात मोठा दिसला तर पगार वाढेल.

मला काही मागायचं नाही. फक्त बघ.
ठकू


१८ फेब्रुवारी
कारखान्यातून

चि. ठकूस, अ. उ. आ.

उशीर झाला. हाताला काम होतं.

कागद मामांच्या ऐरणीवर पसरले. मामांनी एकेक हात निरखून बघितला. मग म्हणाले, साच्यात एकच माप असतं. साचा यायच्या आधी ते मूठ हाताने करायचे: तापलेल्या लोखंडात भोक पाडायचं आणि ऐरणीच्या निमुळत्या शिंगावर चढवून ते ठोकत ठोकत वाढवायचं. जिथे थांबाल तेवढी कडी. मी त्यांना विचारलं की हे इतकी वर्षं कधी बोलला नाहीत. ते म्हणाले, कुणी लहान मागितलीच नाही.

मालकांना विचारलं तर म्हणाले, नवा साचा होणार नाही, तेवढी ताकद नाही. साचा नको म्हटलं. कोळसा तुम्ही द्या, अंग आमचं. त्यांनी खांदे उडवले. ते हो समजून भट्टी पेटवली.

पहिली फुकट गेली. वजन कमी करायचं म्हणून मुठीची पाठ फार छाटली. कात्री पुढून जड झाली आणि टेबलावर ठेवली की टोकावर पडू लागली. अशी कात्री दिवसभर सावरून धरावी लागते, ती जड कात्रीपेक्षा जास्त दमवते. दुसरीत पाठ राखली, कडी लहान केली, तर ती माझ्या अंगठ्यात शिरेना. मामांच्याही नाही. ठिणगीच्याही नाही. तिघे आम्ही ती कात्री हातात घेऊन उभे, आणि ती चालवून बघायला कारखान्यात एकही हात नाही. माझ्या जन्मात मी अशी कात्री जुळवली नव्हती जी मला स्वतःला चालवता येत नाही. फार विचित्र वाटलं. आंधळ्याने रंग द्यावा तसं.

घरी नेली. तुझ्या वहिनीला म्हटलं, जरा कापून दाखव. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या धंद्यातलं काही मी तिला हातात दिलं नव्हतं. तिने जुना पडदा घेतला. मी वाकून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की अंगठा कडीत सरळ शिरतच नाही, तिरका शिरतो. म्हणजे कडीची आतली कड एका बाजूने उतरती हवी, नाहीतर तीच कड मुळाशी घासणार. दुसऱ्या दिवशी ठिणगीने छोट्या सानेवर ती बाजू उतरवली. त्याला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं, गरजेपेक्षा जास्त वेळ घासत बसला. मी घासू दिलं.

वहिनीची गंमत सांगतो. पडदा कापून झाल्यावर ती म्हणाली की हिच्यापेक्षा ती बरी. ती कोणती, असं विचारलं, तर स्वयंपाकघराच्या खणातून, पुसायच्या फडक्यांखालून, तिने एक लाल प्लॅस्टिकच्या मुठीची काढली. कधीपासून वापरतेय कोण जाणे. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली. मी ती हातात घेतली, पण उलटी करून बघितली नाही. कडी मात्र मोजून घेतली. त्या लोकांना अंगठा कसा असतो ते ठाऊक आहे, एवढं मान्य करायला हवं.

तिसरी कात्री या टपालाने पाठवतो. मावशीच्या मापाची आहे. पात्यांची जुळणी नेहमीचीच, त्यात काही सोडलेलं नाही. ओल्या मलमलीवर टोकापर्यंत तपासली आहे. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मी मामांना वाचून दाखवलं, अंगठ्यांचं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

चिंधी लागली तर बांधायला हरकत नाही.
दादा


२७ फेब्रुवारी
शिवणखान्यातून

ती. दादास, सा. न. वि. वि.

कात्री पोहोचली. मावशीने ती हातात घेतली, मिटली, उघडली, आणि चिंध्यांच्या डब्याकडे न बघता सरळ कापायला लागली. तुला सांगते, मी पाठमोरी होऊन उगीच खडू शोधत बसले.

पण सगळं लिहायला हवं, तुला अर्धं आवडत नाही. दुपारच्या चहापर्यंत कात्री फुलासारखी होती. चहानंतर ती आवळायला लागली, आणि सुटायच्या वेळी मावशीचा अंगठा कडीतून निघता निघेना, तेल लावून काढला. दुसऱ्या दिवशी तेच: सकाळी छान, संध्याकाळी चावते. लांबडी म्हणाली, कात्रीसुद्धा दमते वाटतं आमच्यासारखी.

बाई तो प्रकार बघत होत्या. त्यांचाही नाइलाज होता, महिना संपत आला होता. त्या म्हणाल्या, ठकू, मला वाईट वाटतं, पण आता माळेतल्याच मागवते. माझ्यात वाद घालायचं बळ उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक आहे असंही मला वाटेना.

माळेतल्या त्या कात्रीचंही सांगते. तू म्हणाला होतास महिनाभर, एवढाही लागला नाही. खिळा ढिला झाला, पाती एकमेकींपासून फाकली आणि जाड कापडाच्या घडीत कापायचं सोडून कापड दुमडून गिळायला लागली. लांबडीचे दोन बाह्यांचे तुकडे वाया गेले. आणि ती खोलून घट्ट करता येत नाही, खिळा ठोकून बसवलेला आहे.

तेव्हा मावशी पुढे झाली. बाईंसमोर ती सहसा तोंड उघडत नाही. तिने दोन्ही कात्र्या बाईंच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, “ही दुखते. ती कापत नाही. न कापणारीचं काही होणार नाही. दुखणारीचं होतं का, ते हिच्या भावाला विचारा.”

बाईंनी दोन्ही उघडून मिटून बघितल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, बेतणाऱ्या सगळ्यांना तुमच्या घेऊ, प्रत्येकीला तिच्या हाताची. पण संध्याकाळी चावली तर एकही घेणार नाही. शिकाऊ मुलींना मात्र सध्या माळेतल्याच, सगळं एकदम जमणार नाही म्हणाल्या.

म्हणजे मोठी मागणी नाही ही, दादा. तुमच्या मालकांना पुरेल की नाही ठाऊक नाही. मला जेवढं झालं तेवढं केलं. पुढचं तुझ्या हातात आहे. मला तर कात्री संध्याकाळी का चावते तेच कळलेलं नाही. तुला कळलं तर लवकर लिही, नाहीतर मावशीने टाकलेला शब्द वाया जाईल.

वहिनीला सांग, लाल कात्री फेकू नकोस.
ठकू


५ मार्च
कारखान्यातून, भट्टीजवळ बसून

चि. ठकूस, अ. उ. आ.

मागणी मालकांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी हिशेबाच्या दृष्टीने बघितली आणि मान हलवली. एवढ्यावर कारखाना चालत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेवटी असं ठरलं: बाहेरचा माल यायचा तो येणारच, पुढचं गोदाम त्याचंच. मागची भट्टी या कामापुरती पेटती ठेवायची. असं आणखी काम आलं तर पुढे, नाही आलं तर नाही. मामांना आणि ठिणगीला तोपर्यंत ठेवलंय. ठिणगीने मेव्हण्याला निरोप धाडला की थोडं थांब. मेव्हणा किती थांबेल सांगता येत नाही.

कोऱ्या पात्यांवर आपलं नाव उठवायचं काम मला सांगितलं होतं. मी म्हटलं, डबे भरतो, नाव उठवत नाही. मालक म्हणाले, मग दुसरं कुणीतरी उठवेल. बरोबर आहे, उठवेल. मी शूर झालो असं समजू नकोस. फक्त तेवढा हात उचलला गेला नाही. नाव असलेल्या कात्रीबद्दल तक्रारीचं पत्र आलं तर ते माझ्याकडे येतं, आणि अलीकडे मी ती पत्रं वाचायला लागलो आहे.

आम्ही तिघं थकलोय. भट्टी पेटली की पूर्वी अंगात तरतरी यायची, आता फक्त घाम येतो. मामांनी काल एकच कडी केली आणि बसले. पण ती कडी मी दिव्यापाशी धरून पाहिली. ती गोल नव्हती. अंगठा जसा अंडाकृती असतो तशी होती, आणि मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. तुझ्या कागदावर बघून त्यांनीच केली.

तर चावण्याचं. मी रात्रंदिवस पाती आणि कडी तपासत होतो, आणि चूक त्यात नव्हतीच. तुझ्या वहिनीने सहज सांगितलं की संध्याकाळी भांडी झाल्यावर तिची अंगठी बोटातून निघत नाही, सकाळी सैल असते. मी तिथल्या तिथे उठलो. तू हात आखलेस ते सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. ते हात विश्रांती घेतलेले होते. आम्ही ताज्या हातांसाठी कात्री केली आणि तुम्ही ती दमलेल्या हातांत घातली.

मावशीच्या कात्रीची कडी मी पुन्हा वाढवून देतो, परत पाठव. बाकीच्यांसाठी कागद नवे आख. काम सुटल्यावर आख, हात धुवायच्या आधी, आणि टेबलावर दाबून ठेवू देऊ नकोस, नुसता टेकवायचा. लांबडीला बोटं पसरू दे, तिचं अंतर मी वजा करीन. सकाळचा हात मला नको. तुम्ही दिवसाच्या शेवटी कशा असता ते मला पाठव, त्या मापाची कात्री करतो.

थोरल्याची माया आहे, ती वेगळी लिहायची नाही असं ठरवलं होतं. लिहून गेलो.
तुझा, दादा